कष्टाचं फय

आमच्या शाळेत रोज फळ्यावर सुविचार लिहायचा रिवाज होता. 'कष्टाचे फळ गोड असते' हा तर आठवड्यातून एकदा यायचाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या काळ्या मातीत मी तो तपासत मोठा झालो.

कष्टाचा भाग खराच. डवरणी-निंदण राहिलं की पऱ्हाटी खुरटते, हे वावरात डोळ्यांनी पाहिलंय. पण गोडीचं काय? मृगाचा पाऊस तोंड दाखवून गेला की टोबलेली सरकी मातीतच मरते. मग दुबार पेरणी. कष्ट दुप्पट, खर्च दुप्पट अन् पीक एकच. आमचा बुढा म्हणायचा, "कष्टाचं फय गोड म्हंते बाप्पा, पन त्याचा भाव कोन ठरवते, थे काहून नाही लिवलं?"

महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे गावचे सरपंच राहिलेले. 19 मार्च 1986 रोजी त्यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी-मजूर दगावले. मरतानाही ते कष्टच करत होते.

सुविचार खोटा नाही, अर्धा आहे. तो उलटा वाचला की घात करतो. कष्टाशिवाय फळ नाही, इथवर कबूल. पण फळ नाही म्हणजे कष्टच केले नसतील, असं म्हणणाऱ्यानं आधी एक हंगाम डवरा धरून पाहावा.