भाकरी कशावर फुगवायची?

चूल विकत आणायची असते, हेच मुळी माझ्या सासूबाईंना पटत नव्हतं. चूल घालायची असते. गावाकडची पांढरी माती, शेण आणि भुसा कालवून मुरवायचा, आपल्या तव्याच्या मापानं चूल उभी करायची, वाळली की सारवून हळदकुंकू वाहायचं. त्यासाठी दुकानात जाऊन पावती फाडायची, वर गॅरंटी कार्ड जपून ठेवायचं, हा प्रकार त्यांच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात बसत नव्हता. "चुलीला गॅरंटी? काय बाई एकेक!" एवढंच त्या म्हणाल्या आणि शेंगा फोडत राहिल्या.

गॅस आमच्याकडं आहेच. चहा, वरण, फोडण्या त्याच्यावर होतात. पण सोलापुरात विजापूर रोडवरच्या या घरामागं थोडं परस आहे, मोहोळ तालुक्यातल्या शेतातून दर हंगामात तुराट्यांच्या पेंढ्या आणि वेड्या बाभळीची लाकडं येऊन पडतात, आणि घरातली माणसं ज्वारीवर वाढलेली आहेत. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या घरात दुसरी ज्वारी कुणी आणू देत नाही. दोन वेळची भाकरी, आठवड्यातून एकदा कडक भाकऱ्यांची थप्पी आणि थंडीत आंघोळीचं पाणी. एवढं सगळं सिलिंडरवर काढायचं तर महिना पुरत नाही. परसात तीन विटांची चूल होती, तिच्यावर निभत होतं. मुलानं एकदा शेजाऱ्यांच्या दोरीवरच्या कपड्यांकडं जाणारा धूर बघितला आणि म्हणाला, "चूल ठेवा, पण धूर न होणारी ठेवा." ठेवा म्हणजे अर्थातच मी शोधून ठेवा.

धूर घालवणं वेगळं आणि धूर न होऊ देणं वेगळं, हे मला बऱ्याच उशिरा समजलं. बाळीवेशीतल्या आमच्या माहेरच्या वाड्यात पहिल्याचीच सोय होती. माळवदाचं घर, त्याला वर एक धुराडं, पावसाळ्यात त्याच्यावर पत्रा ओढायचा. बाकीचे आठ महिने धूर आपल्या मर्जीनं जायचा. सैपाकघराची भिंत इतकी काळी, की आई दुधाच्या रतिबाचा हिशेब तिच्यावर चुन्याच्या बोटांनी मांडायची. महिना संपला की ओल्या फडक्यानं पुसायची आणि खाली पुन्हा तशीच काळी पाटी. पातेल्याच्या बुडाला ती बाहेरून राखेचा लेप द्यायची, म्हणजे काजळी लेपासकट निघून येते. आणि फुंकणी. लोखंडी, हातभर लांब, तोंडाशी गुळगुळीत झालेली. आम्हा मुलींना ती लवकर हातात मिळायची. लाकूड धुपायला लागलं की जोरात फुंकायचं नाही, लांब आणि बारीक फुंकायचं, ज्वाळेच्या बुडाशी. मग भप्पकन जाळ व्हायचा आणि धूर जागच्या जागी नाहीसा व्हायचा.

तो जायचा कुठं? तो जळायचा. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू आणि डांबरासारखे पदार्थ सुटतात. कोरड्या लाकडाच्या वजनाचा बहुतेक भाग असाच उडून जाणारा असतो. त्याला पुरेशी उष्णता, हवा आणि जळायला थोडा अवकाश मिळाला तर त्याची ज्वाळा होते. यातलं एक जरी कमी पडलं तर तोच धूर होऊन डोळ्यांत जातो. धूर म्हणजे न जळलेलं जळण, फुकट गेलेलं. ओलं लाकूड धुमसतं ते याचमुळं. पाण्याची वाफ करण्यातच आगीचा जोर संपतो.

या सगळ्याचं प्रात्यक्षिक मी शाळकरी वयात रोज करत होते, फक्त नाव माहीत नव्हतं. आमच्याकडं भुशाची शेगडी होती. वडील सायकलवर पोतं अडकवून वखारीतून लाकडाचा भुसा आणायचे, आणि शेगडी भरायचं काम माझं. पत्र्याचा उभा डबा, खालच्या बाजूला एक भोक. त्या भोकातून एक दांडकं आडवं घालायचं, मधोमध एक बाटली उभी धरायची आणि तिच्याभोवती भुसा ठासत न्यायचा. मुठीनं, मग बत्त्याच्या मागच्या बाजूनं. ठासण्यात कसूर झाली की अर्ध्या सैपाकात भुसा ढासळलाच. भरून झालं की बाटली फिरवत फिरवत अलगद वर काढायची, दांडकंही ओढून घ्यायचं. आत गुळगुळीत भुयार तयार. खालून रॉकेलची चिंधी पेटवून सरकवायची. सुरुवातीला थोडा धूर, पण एकदा भुयार तापलं की भुशातून निघणारा वायू तिथल्या तिथं पेटायचा आणि दोन-अडीच तास एकसारखी ज्वाळा. फुंकणी लागायचीच नाही. पुढं गॅसिफायर चुलींबद्दल वाचलं तेव्हा मला सगळं ओळखीचं वाटलं. आधी जळणातून वायू काढायचा आणि मग तो वेगळी हवा देऊन जाळायचा. आमच्या डब्यात हे साध्या रीतीनं होत होतं. भाकरी मात्र आई त्या शेगडीवर कधीच करायची नाही. त्याचं कारण मी तेव्हा विचारलं नाही.

नंतर रेशनच्या रॉकेलच्या रांगा, पिन मारायचा पितळी स्टोव्ह, वातींचा स्टोव्ह, आणि नंबर लावून वाट बघत मिळालेला गॅस. ही गोष्ट सगळ्यांच्या घरची आहे, तिच्यात थांबत नाही.

लग्नानंतर मोहोळकडच्या घरी सिमेंटची, दोन तोंडांची, पाइपाची चूल होती, गावातल्या गवंड्यानं घातलेली. तिचा धूर वर जायचा खरा, पण पाइप झाडायला कुणी छपरावर चढायचं नाही. पुरुषांना ते बायकांचं काम वाटायचं आणि बायकांनी छपरावर चढायचं नसे. पाइप तुंबला की चूल दुप्पट धूर आत सोडायची. धूर बाहेर नेण्याची ही धडपड तशी जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून मगनचूल निघाली होती. १९५३ साली हैदराबादच्या डॉ. एस. पी. राजू यांनी धुराविना सैपाकघराची पुस्तिकाच काढली. ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तो २००२ पर्यंत चालला आणि देशभरात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या. आपल्याकडं डॉ. आनंद कर्वे, म्हणजे इरावतीबाईंचे चिरंजीव, यांच्या 'आरती' या संस्थेनं चुलींवर पुष्कळ काम केलं. त्यांची कन्या प्रियदर्शिनी कर्वे यांनी उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रावर काम केलं, त्याला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. सोलापूर जिल्ह्यात पाचटाला काय तोटा! त्या कोळशाच्या मूठ-दोन मुठींवर चालणारा 'सराई' कुकर माझ्या बहिणीकडं आहे. वरण, भात, भाजी एका वेळी वाफेवर शिजतं, धुराचं नाव नाही. भाकरी त्याच्यात होत नाही, तो वाफेचा कुकर आहे, त्याचा दोष नाही.

धूर घराबाहेर गेला की प्रश्न संपला, असं पूर्वी सगळ्यांना वाटायचं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकानं गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढच्या बायांच्या अंगावर मोजणीची यंत्रं बांधली आणि त्या श्वासातून काय घेतात ते आकड्यांत मांडलं. पुढं त्यांनीच ग्वाटेमालात धुराड्याच्या चुली देऊन लहान मुलांचा न्यूमोनिया किती कमी होतो ते तपासलं. धूर अंगावर येणं निम्म्यानं घटलं, तरी न्यूमोनियात अपेक्षेएवढी घट झाली नाही. निम्मा धूर हाही पुष्कळ असतो. आपल्या देशात २०१९ साली घरातल्या धुरामुळं सुमारे सहा लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्याच वर्षी सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचं नाव हवेची मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. अशा गावात मी माझा धूर पाइपानं उंच नेऊन सोडायचा, म्हणजे शेजारणीच्या माळ्यावर पाठवायचा. शिवाय २०२३ च्या जूनमध्ये विमानतळासाठी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हापासून आमच्याकडं पाइपाचा विषय निघाला की हे विचारतात, "विमानाला अडचण होणार नाही ना?"

तर पाइप नको, धूरच नको. मग दोन वाटा उरल्या. एक पंख्याची चूल. छोटा पंखा बॅटरीवर हवा ढकलत राहतो, म्हणजे फुंकणीचं काम विजेनं. भारतीय मानक १३१५२ मध्ये बिनपंख्याच्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के धरली आहे. कणांच्या बाबतीतही पंख्याच्या चुलीला निम्म्याहून कमी धुराची अट आहे. कागदावर हीच चूल जिंकते. पण 'ऊर्जा' चुलीची हकिकत मला ठाऊक होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं तंत्र, बीपी कंपनीचं पाठबळ, महाराष्ट्रात आणि शेजारच्या राज्यांत लाखो चुली खपल्या. तिला शेतकचऱ्याच्या दाबून केलेल्या गोळ्या लागायच्या. कारखाने त्याच कचऱ्याला गिऱ्हाईक झाले, गोळ्या महागल्या आणि चुली माळ्यावर गेल्या. जळण परसात रचलेलं असताना जळण विकत आणायला लावणारी चूल मला नको होती.

दुसरी वाट बिनपंख्याची. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या सुमारास जी 'रॉकेट' चूल बसवली, तिच्या वंशातली. आत कोपरासारखं वळण, भोवती उष्णता धरून ठेवणारं अस्तर, लाकडाखाली जाळी. लाकडाची फक्त टोकं जळतात, हवा खालून येते आणि अरुंद नळीतून ज्वाळा सरळ वर. मातीची जाड चूल आधी स्वतः तापते आणि मग तवा तापवते. ही लगेच कामाला लागते. दुकानदारानं तिच्यावर पातेलं ठेवून पाणी उकळून दाखवलं. प्रयोगशाळेतही चुलींची परीक्षा अशीच होते, ठरावीक पाणी आणि ठरावीक लाकूड. मी ज्वारीचं पीठच घेऊन गेले असते तर बरं झालं असतं, पण दुकानात परात कुठं मांडणार?

तीच चूल घेतली. भाकरीची परीक्षा घरी झाली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पाटावर बसल्या आणि पहिला आक्षेप जाळाच्या आधीच आला. चूल हातभर उंच, तवा त्यांच्या छातीशी. त्यांच्यासाठी ठेंगणं स्टूल आणलं. गुडघ्यांना ते पाटापेक्षा बरंच निघालं, पण हे त्यांनी दोन आठवड्यांनी कबूल केलं. जाळ छान होता. तव्याचं बूड जवळपास स्वच्छ राहिलं, माझ्या आईला हे बघून खरं वाटलं नसतं. भाकरी पडली, पाणी फिरवलं, उलटली, खालची बाजू शेकली. मग त्यांनी सवयीनं तवा उतरवला, भाकरी उचलली आणि चुलीच्या तोंडाशी नेली. तिथं काही नव्हतं.

जुन्या चुलीचं तोंड रुंद असतं. लाकूड जळता जळता तिथं निखारे ओढले जातात, भाकरी त्यांच्यासमोर उभी टेकवायची आणि ती टम्म फुगते. या चुलीत तोंड जळणापुरतं, निखारे जाळीतून खाली पडतात आणि तिथंच विझतात. "भाकरी कशावर फुगवायची?" त्यांनी विचारलं. भुशाच्या शेगडीवर आई भाकरी का करत नव्हती, तेही मला त्याच वेळी उमगलं. तिथंही निखारा नव्हता.

मी म्हटलं, सरळ ज्वाळेवर धरू, गॅसवर धरतो तशी. धरली. एका बाजूला काळा डाग आणि मधे फुटलेली. "ही तुम्ही खावा," म्हणाल्या.

मार्ग त्यांनीच काढला. खालचा राखेचा कप्पा त्या अधूनमधून चिमट्यानं ओढतात आणि तांबडे निखारे जुन्या घमेल्यात घेतात. घमेलं चुलीला चिकटून, भाकरी त्याच्या काठाला टेकवून. पहिल्या दोन भाकऱ्यांना निखारा पुरेसा नसतो, त्या तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवायच्या. तिसरीपासून घमेलं तयार. निखाऱ्यातून धूर निघत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड निघतो, म्हणून हे सगळं उघड्या परसातच, थंडीतही ते आत न्यायचं नाही, यावर मी ठाम आहे.

एक गोष्ट दुकानातल्या माहितीपत्रात बारीक अक्षरांत होती. या चुलीला अंगठ्याएवढ्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या, कडकडीत वाळलेल्या ढलप्या लागतात. तुराट्या ठीक, मोडून घातल्या की झालं. पण वेडी बाभूळ चिरायला कुऱ्हाड, जोर आणि वेळ लागतो, आणि जुन्या चुलीत अख्खं लाकूड आत सरकवून त्या कामातून सगळ्यांचीच सुटका झालेली होती. आता रविवारी सकाळी हे परसात ठोकळा मांडून बसतात. आत्याबाई शेंगा फोडत एकेक ढलपी हातात घेऊन बघतात आणि निम्म्या परत फेकतात. "ही जाड हाय. परत चीर की."