बंगळूरच्या संध्याकाळचे पाहुणे

वाचकहो, बंगळूरला गेलात तर सूर्यास्ताच्या सुमारास एखाद्या जुन्या वृक्षराजीपाशी अवश्य थांबा. आकाश तांबूस होताच फलाहारी वटवाघळे संथपणे पंख हालवीत निघतात. त्यांतील सर्वांत मोठ्या जातीच्या पंखांचा विस्तार मीटरभराहूनही अधिक असतो.

शहराच्या उत्तरेस, कृषी विद्यापीठाच्या गर्द आवारात, राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे. तेथील संशोधकांनी सहकाऱ्यांसह नागालँडमधील वटवाघळे व त्यांची शिकार करणारी माणसे यांचे रक्त तपासले. दोहोंतही इबोलाच्या कुळातील विषाणूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये आढळली, असे त्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केले. भारतात इबोलाची साथ कधी आलेली नाही. तरी संपर्क नकळत घडून गेला असावा. केरळात २०१८ साली निपाहने बळी घेतले, त्याचा विषाणूही वटवाघळांतच वसतो.

हे वाचून अंगणातील वटवाघळांचे झाड तोडावे, असे आपल्या मनात येईल. पण थांबा! ऑस्ट्रेलियातील अभ्यासातून दिसले आहे की, रान तुटून अन्न दुर्मिळ झाले म्हणजे उपाशी वटवाघळे वस्तीकडे वळतात आणि त्यांच्या शरीरातून विषाणूही अधिक बाहेर पडतात. म्हणजे कुऱ्हाडीने धोका टळत नाही, उलट जवळ येतो.

हीच वटवाघळे रात्रभर फुलांचे परागण करतात, दूरवर बिया पेरतात. तेव्हा त्यांनी उष्टावलेले फळ मुलांना खाऊ देऊ नका, त्यांना हात लावू नका. मात्र त्यांचे झाड त्यांना राहू द्या. सुरक्षितता दुराव्यात आहे, वैरात नाही.