उन्हाळ्यातली गळती

कापडी टपाची जुनी गाडी पावसात दाराच्या काचेपाशी गळू लागली, की दोष पावसाला लावला जातो आणि मिस्त्रीची आठवण मृग लागल्यावर होते. माझं मत उलट आहे. ही गळती उन्हाळ्यात घडते. पावसात ती फक्त दिसते. हिंगोलीसारख्या ठिकाणी तर हे अधिकच खरं, कारण इथे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि त्याआधी एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. काचेभोवतीची रबराची पट्टी आठ कोरडे महिने या भाजणीतून जाते आणि मगच तिच्यापुढे पाणी येतं.

आपल्या भागात उघड्या टपाची गाडी म्हणजे मुख्यतः जीप. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने विलीज जीपची मुंबईत जुळणी सुरू केली, आणि नंतर कित्येक दशकं औंढा, कळमनुरी, सेनगावच्या रस्त्यांवर ताडपत्रीचा हूड लावलेल्या जीपा धावल्या. माझ्या पिढीला ही पट्टी पहिल्यांदा भेटली ती तिथे, समोरच्या काचेची घडी होणारी चौकट जिथे पत्र्यावर टेकते त्या सांध्यात. बाजूला काचा नसायच्या, कापडी पडदे असायचे. पाणी आत येणार हे सगळ्यांनी धरलेलंच असे. मग फियाट आणि पद्मिनी आल्या. त्यांच्या पुढच्या दारातली तिकोनी काच आणि तिचं कोपऱ्यात आधी तडकणारं रबर अनेकांना आठवत असेल. आजच्या बंद गाडीत दाराभोवती रबराच्या एकापेक्षा जास्त रांगा असतात आणि आपण त्यांच्याकडे पाहतही नाही. पट्टी अशी चांगली होत गेली आणि तिची निगा राखायची सवय मात्र सुटली. जुन्या कन्व्हर्टिबलचं अवघड आहे ते यामुळेच: तिचा मालक आता बंद गाडीच्या अपेक्षा घेऊन तिच्यात बसतो.

अशा बऱ्याच गाड्यांत दाराच्या काचेला वरून लोखंडी चौकट नसते. काच उघडी वर येते आणि हूडच्या कडेच्या रबरात जाऊन टेकते. डोक्यावर पक्कं छत नसल्याने सगळी बॉडी खड्ड्यांत किंचित पिळवटते, बिजागऱ्या सैल झाल्या की दार खाली उतरतं, आणि काच जिथे टेकायला हवी तिथून थोडी सरकते. रबर मऊ असेल तर तो फरक पोटात घेतं. कडक झालं की ते काचेमागे जात नाही, फट उरते. कडक होण्याचं कारण रबराच्या घडणीत आहे. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ताठ व्हायचं. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेने ते टिकाऊ करण्याची रीत सापडली. पण नैसर्गिक रबराच्या साखळीत दुहेरी बंध राहतातच, आणि हवेतला ओझोन त्यांनाच तोडतो. ताणलेल्या जागी, म्हणजे कोपऱ्यात आणि वळणावर, आधी बारीक भेगा पडतात. शिवाय महिनोन्महिने काच बंद ठेवून गाडी उभी राहिली, की दाबलेलं रबर उष्णतेत तसंच दबून बसतं आणि परत फुगत नाही. साठच्या दशकात वापरात आलेल्या ईपीडीएम रबराच्या मुख्य साखळीत हे दुहेरी बंध नसतात, म्हणून ते ऊन आणि ओझोन बरंच जास्त सोसतं.

गळती पावसाआधीच, उन्हाळ्यात रोखायची, हे शहाणपण मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांना होतं. धाब्यावर पांढरी माती टाकायची ती वैशाखात, भेगा कोरड्या दिसत असताना. आणि कितीही माती टाकली तरी पन्हाळ मोकळी ठेवायची, कारण पाणी अडवण्याइतकंच त्याला वाट देणं महत्त्वाचं. गाडीच्या दाराचीही रचना तशीच आहे. काचेच्या फटीतून थोडं पाणी दाराच्या पोटात उतरणारच, असं धरूनच तळाशी भोकं ठेवलेली असतात आणि आतल्या पॅडमागे पाणी अडवणारा कागद किंवा प्लास्टिक लावलेलं असतं. आपल्याकडची काळी माती ओली झाली की फुगते. वर्षभर काचेच्या खाचेतून उतरलेली तिची धूळ आणि लिंबाचा पालापाचोळा पहिल्या सरीतच ती भोकं बुजवतात. मग पाणी साचतं, कागदाच्या फाटक्या कडेतून आत पाझरतं, आणि शिव्या मात्र रबराला मिळतात. म्हणून क्रम असा असावा: आधी भोकं आणि कागद, मग बिजागऱ्या, मग काचेची उंची आणि कल, आणि रबर सगळ्यात शेवटी. काचेच्या कडेला खडू घासून दार लावून उघडलं, की रबरावर जिथे पांढरी रेघ उमटत नाही तिथे काच टेकत नाही हे कळतं. पाणी सोडून पाहायचं तर खालून वर जावं. वरून सोडलं तर ते कुठून शिरलं हे सापडत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो सिलिकॉनचा: नळी घ्या, फट भरा, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. समोरच्या न हलणाऱ्या काचेला ते कधी चालूनही जातं. पण दाराची काच रोज वर-खाली होते. तिथे थापलेलं सिलिकॉन काही दिवसांत सुटतं आणि रबरावर असा थर सोडतं की पुढे नव्या पट्टीचा गोंदही नीट धरत नाही. रबर मऊ ठेवायला डिझेल किंवा इंजिन ऑइल चोळणं त्याहून वाईट. खनिज तेलाने नैसर्गिक रबरही फुगतं आणि ईपीडीएमही. पहिले काही दिवस ते मऊ वाटतं, म्हणूनच ही समजूत टिकून आहे. साबणाच्या पाण्याने धूळ काढून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला तर तो चालतो.

दुसरा आक्षेप अधिक मानाचा आहे. जुन्या गाडीचं मोल तिच्या मूळपणात असतं. नव्या रसायनाचं रबर बसवलं तर ती तीच गाडी राहते का? मला या भावनेचा आदर आहे. रंग, मीटर, स्टिअरिंग यांबाबत मीही तोच आग्रह धरेन. पण पट्टी हा झिजण्यासाठीच बनवलेला भाग आहे, टायरसारखा, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे टायर कोणी मूळ म्हणून वापरत नाही. ती वाचवण्याच्या हट्टापायी दाराचा मूळ पत्रा तळातून गंजतो आणि आसनांखालची जमीन सडते. तो पत्रा पुन्हा मिळत नाही. मूळपणा जपायचा असेल तर जुन्या पट्टीचा एक तुकडा काढून तिचा आडवा छेद जपून ठेवावा, कारण नवी पट्टी निवडताना रसायनापेक्षा तो आकार जुळणं जास्त महत्त्वाचं. आकार एखाद्या मिलिमीटरनेही जाड निघाला तर दार जोरात आपटावं लागतं, आणि त्या आपटण्याने आत्ताच सरळ केलेल्या बिजागऱ्या पुन्हा उतरतात.