खारं पाणी

अकोल्याच्या माणसाला समुद्राचं काय अप्रूप असतं, हे मुंबईकराला सांगून कळणार नाही. आमच्याकडे भरपूर पाणी बघायचं तर काटेपूर्णा धरण, आणि उंचावरून खाली बघायचं तर चिखलदरा. संपलं.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे. दरवर्षी सहल चिखलदऱ्याला. देवी पॉइंटवर दरीत ढग भरले की पोरांना ओळीत उभं करायचे आणि म्हणायचे, "हे पाहा लेकहो, समुद्र असाच असते. फक्त ओला असते." पोरं हसायची. मीही त्या ओळीत असायचो. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा ते खडू न उचलता काढत, आणि कोकणपट्टी आली की हात मुद्दाम थरथरवत. कारण किनारा दंतुर! "दंतुर किनारा, लांबी ७२० किलोमीटर" हे तेव्हाच्या पुस्तकातलं वाक्य. तर या माणसाने बत्तीस वर्षं तो किनारा काढला, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत एकदाही बघितला नव्हता.

आधी पैसे नव्हते. नंतर पैसे होते, पण मी होतो. "बाबा, या दिवाळीत नाही जमत, रिलीज आहे. मार्चमध्ये नक्की." असे नऊ मार्च गेले. आमच्या भाषेत सांगायचं तर बाबांचा समुद्र बॅकलॉगमध्ये पडून होता, प्रायॉरिटी लो.

मग ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी त्यांच्या डाव्या मनगटापाशी फिस्टुला करून ठेवला. ज्यांना माहीत नाही (आणि कधी माहीत करून घ्यायची वेळ न येवो) त्यांच्यासाठी: हाताची एक रोहिणी आणि एक नीला एकमेकींना जोडतात. शीर फुगून दणकट व्हायला दीड-दोन महिने जातात, मग डायलिसिसच्या सुया तिथे टोचतात. जानेवारीअखेर सुरू करू म्हणाले. एकदा सुरू झालं की आठवड्यातून दोन-तीनदा मशीन, म्हणजे अकोला सोडून फार लांब जाणं कठीणच. मी विचारलं, त्याआधी चार दिवस फिरवून आणू का? "आणा. मीठ जपा. आणि शहाळं पाजू नका, त्यात पोटॅशियम असतं."

मी मॅनेजरकडे गेलो. रिलीज बारा दिवसांवर. त्याने मान वरही न करता "ओके, गो" म्हटलं. नऊ वर्षं मी धरून चाललो होतो की तो नाही म्हणेल.

असो. आई-बाबा महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला आले. बाबांना मी डावा हात सांभाळत, उजव्या हाताने दांडा धरून उतरताना बघितलं आणि बॅग त्यांच्या हातून जरा जास्तच जोरात ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. कोल्हापूर, आजरा, आंबोली, मग सावंतवाडी करत वेंगुर्ला. रस्ता सुंदर आहे, आई वाटभर झोपली होती. सावंतवाडीच्या अलीकडे बाबांनी एकदाच गाडी थांबवायला लावली, जांभ्याच्या कुंपणाला हात लावायला. आमच्याकडे सगळा काळा दगड, काळी माती. "हा त भाजलेल्या इटेवानी लागते," म्हणाले, आणि बराच वेळ बोट फिरवत बसले.

वेंगुर्ल्यापेक्षा मी मुद्दाम निवतीला न्यायचं ठरवलं होतं. पुळणीवर समुद्र नुसता समोर दिसतो. निवतीला डोंगराचं नाक सरळ पाण्यात घुसलंय, आणि त्या नाकावर शिवकालीन किल्ल्याची पडकी तटबंदी. गाडी ठेवून थोडं चढावं लागतं. दर वीस पावलांना थांबत आम्ही वर गेलो. आई मागून, "हळू जा न जी, ट्रेन सुटून रायली काय?"

टोकाला आलो. उजवीकडे खाली भोगव्याची पांढरी पुळण, डावीकडे होड्यांचं बंदर, पायाखाली पिवळसर कडा आणि कड्याच्या तळाशी फुटणाऱ्या लाटांचा आवाज. वारा इतका की बाबांची टोपी आईने दोन्ही हातांनी धरून ठेवली (बाबांच्या डोक्यावरच). मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील. ते काही बोलले नाहीत. बोटाने हवेत किनाऱ्याची रेघ काढत होते, आत, बाहेर, आत. मग म्हणाले, "मी जास्तच दाते काढत होतो."

आणि मग त्यांना बेटं दिसली. निवतीसमोर दूर समुद्रात काळ्या खडकांचा एक पुंजका आहे, वेंगुर्ला रॉक्स. इंग्रजांच्या जुन्या नकाशांत बर्न्ट आयलंड्स, जळकी बेटं. एकावर दीपगृह. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, आणि ती घरटी बहुतांशी लाळेची असतात. परदेशात त्यांचं सूप करून पितात म्हणे, त्यामुळे इथून चोरून विकली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्रवाल्यांनी २००१ च्या सुमारास तो प्रकार उघडकीस आणला आणि पुढे तिथे राखण केली. हे सगळं मी गाडीत सांगितलं होतं, आणि तेव्हापासून बाबांच्या डोक्यात एकच. तिथे जायचं.

खाली बंदरावर गेलो. होडीवाल्याने बाबांकडे बघितलं, त्यांच्या हाताकडे बघितलं, मग पाण्याकडे. "आज नाय जमाचा. वारो बघतास मा?" उद्या? "उद्याचा उद्या." त्याने वर शहाळी कापायला घेतली, पैसे नको म्हणत. मी नको-नको करत कारण सांगितलं, तर त्याने एक शहाळं मला आणि एक आईला दिलं, आणि बाबांना नुसतं शेजारी बसवून घेतलं. मला ते पाणी काही धड उतरेना.

बाबा मात्र उठून लाटेपाशी गेले. पँट दुमडली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. आई ओरडली, "अहो, मीठ!"

"अवं एक थेंब. आपल्या हिरीपेक्षा लयच खारं हाय."

इथे तुम्हाला खारपाणपट्टा सांगायला हवा. आमचं गाव पूर्णाकाठी. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्याचा मोठा पट्टा असा आहे, जिथे खाली पाणी आहे पण खारट. नदीने आणलेल्या गाळाचा जाड थर, निचरा नाही, क्षार साचत गेले. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. आजी डाळीसाठी म्हणून वेगळं पाणी लांबून आणायची. पुढे वान धरणावरची ८४ खेडी योजना आली आणि घरात गोड्या पाण्याचा नळ आला. पण बाबांचं आणि मोठ्या बाबांचं सगळं लहानपण विहिरीवर गेलं. मोठे बाबा २००९ मध्ये गेले, किडनीच. पाण्यामुळेच, असं कुठला डॉक्टर कागदावर लिहून देत नाही. गावात कोणाला लिहून हवंही नसतं.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्याला आपलं मानक ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक म्हणतं, आणि दुसरं पाणीच नसेल तर २,०००. त्या "दुसरं पाणीच नसेल तर"मध्ये आमचं अख्खं गाव बसतं.

बाबांना मात्र त्या विहिरींचा अभिमानही आहे, हे मला त्या दिवशी कळलं. १९३० साली गांधीजी दांडीला गेले तेव्हा वऱ्हाडात समुद्र कुठून आणणार? तर अकोल्याजवळच्या दहीहंड्याला लोकांनी खाऱ्या विहिरीचं पाणी काढून त्याचं मीठ केलं आणि कायदा मोडला. "अन त्याच्या पुढच्या मयन्यात इथीसा शिरोड्याले," बाबा होडीवाल्याला सांगत होते. शिरोडा वेंगुर्ल्याहून जवळच. होडीवाल्याला शिरोड्याचा सत्याग्रह माहीत होता, दहीहंडा नव्हता. बाबांना दोन्ही माहीत होते. मला, खरं सांगतो, एकही नाही. मग ते दोघं अर्धा तास मिठावर बोलत बसले, एक वऱ्हाडीत, एक मालवणीत, आणि कुणाचं काही अडलं नाही.

संध्याकाळी पुन्हा वर गेलो. अंधार पडायला लागला तशी बेटं दिसेनाशी झाली आणि त्या जागी दीपगृहाचा प्रकाश लुकलुकायला लागला. बाबा दोन उजेडांमधले सेकंद मोजत होते. मला म्हणाले, "इकडे ये, हे ऐक." आणि डावं मनगट माझ्या कानाशी धरलं.

फिस्टुलातून रक्त जोरात वाहतं त्याचा आवाज येतो, हे मी वाचलं होतं. ऐकला नव्हता. घूं... घूं... प्रत्येक ठोक्याला एक, मधे जराही शांतता नाही. खालच्या लाटांपेक्षा जलद.

"रात्री झोप येत नाही न, तवा उशाखाली हात ठेवला की हेच ऐकू येते," बाबा म्हणाले. "मले वाटे, समुद्राचा आवाज असाच असन. म्हणून म्हटलं पाहून घ्याव एकदा."

"मग? तसाच आहे?"

"नाही बे. समुद्र दम घेते मधात."

मी काहीतरी बोलणार होतो. नऊ मार्चबद्दल. पण तेवढ्यात आईने गोळ्यांची वेळ झाली म्हणून खालून हाक मारली.

दुसऱ्या दिवशीही वारा होता. होडीवाल्याचा नंबर मी घेऊन ठेवलाय, फोनमध्ये "निवती होडी" नावाने. वेंगुर्ल्याला डायलिसिस होतं का, सावंतवाडीला होतं का, हे शोधतोय. मधले दोन दिवस मिळाले तरी पुरे.

निघताना बाबांनी बिसलेरीच्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं. शेजारच्या पोरांना दाखवायला. आईने ती बाटली उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "एवढ्या दूरून खारंच पाणी घरी नेता? त्यात डाळ तरी शिजन का?"