जोडीनं वाचलेलं वर्ष

गेलं वर्षभर मी पुस्तकं जोडीनं वाचली. एखादी कथा-कादंबरी घ्यायची आणि तिच्या शेजारी त्याच दुखण्याची घडलेली हकीकत सांगणारं दुसरं पुस्तक ठेवायचं. संध्याकाळी काही पानं हिची, काही त्याची. केज तालुक्यातल्या आमच्या युसूफ वडगावात मी राहतो आणि पुस्तकं अंबाजोगाईहून आणतो. आईचे डोळे आता अधू झालेत, त्यामुळे वाचायचं ते मोठ्यानं. मोठ्यानं वाचलं की लेखकाची लबाडी लपत नाही. खोटं वाक्य जिभेवर अडखळतं, खरं वाक्य आपोआप पुढं सरकतं.

भाद्रपदात सुरुवात केली ती रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'नं. बोराडे लातूरकडच्या काटगावचे. 1971 साली आलेली ही कादंबरी एका शिंप्याच्या घराची वाताहत सांगते आणि सांगणारी त्या शिंप्याची बायको आहे. तिची भाषा आमच्या आळीतली. पहिल्याच संध्याकाळी आई म्हणाली, "आरं, हे तं आपल्याच बोलीत लिव्हलंय की." तिच्या बोलण्यात कौतुकापेक्षा हक्क जास्त होता. आपली बोली छापण्याच्या लायकीची आहे, हे तिला त्या वयात पहिल्यांदा दिसत होतं.

'पाचोळा'च्या जोडीला मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ठेवली. एका बाईला पुरुषानं बोलतं केलेलं, दुसरी आपल्या तोंडानं बोलणारी. बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घेणारा सोवळ्याच्या आहारी गेलेला बाप, लग्नानंतर गिरवलेली अक्षरं, नवऱ्याच्या धर्मांतरानं फुटलेला संसार. लक्ष्मीबाई हे सगळं सांगतात तेव्हा त्यांचा आवाज कुठं रडवेला होत नाही. आई हसून हसून ऐकायची आणि मग एकदम गप्प व्हायची. "हिला लिव्हायचं सुचलं म्हणून कळालं. आमच्यात अशा लई होत्या," एवढंच एकदा बोलली. बोराड्यांनी जिला आवाज दिला ती त्या 'लई' बायांपैकी एक होती, हे मला तिच्या त्या वाक्यानं कळलं.

सतरा सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत झेंडा लागला, तेव्हा अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हाती होतं. या पुस्तकाला जोड मिळाली नाही. निजामी राजवटीतल्या आमच्या भागावर अजून मोठी मराठी कादंबरी यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. अंबाजोगाईच्या शाळेत स्वामी रामानंद तीर्थ मुख्याध्यापक होते, तिथून ते राजकारणात उतरले. एवढ्या एका गोष्टीत केवढं कथानक पडून आहे.

दसरा झाला की गाव बदलतं. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली घरं बिऱ्हाड बांधतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; असे कोयते ट्रकांत, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून पश्चिम महाराष्ट्राकडं, कर्नाटकाकडं निघतात. मागं म्हातारी माणसं आणि कुलपं राहतात. त्या ओस दिवसांत मी सदानंद देशमुखांची 'बारोमास' काढली. 2002 ची कादंबरी, 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार. देशमुख बुलढाण्याचे, पण शिकून घरी बसलेला त्यांचा एकनाथ आमच्या गावात कुठल्याही पारावर भेटेल. पदवी आहे, नोकरी नाही, रान पिकत नाही, बायकोचं मन संसारात रमत नाही. या पुस्तकातल्या काही रात्री मला मोठ्यानं वाचता आल्या नाहीत. मनातच वाचल्या.

शेजारी होतं पी. साईनाथ यांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना'. मूळ इंग्रजी पुस्तक 1996 चं. त्यात पलामू आहे, कालाहांडी आहे, झाबुआ आहे. आमचा बीड जिल्हा नाही. तरीही पानोपानी मी आमच्याच तालुक्यात फिरत होतो. पाणी नाही म्हणून दुष्काळ, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. पाणी नसण्यावर कुणाचं काय काय पिकतं, हे साईनाथ गावं पायाखाली घालून दाखवतात.

मांजरा नदी पाटोद्याच्या डोंगरात उगवते, बीड आणि धाराशिवची शीव आखत पुढं जाते आणि तिच्यावरचं मोठं धरण आमच्याच तालुक्यात, धनेगावला आहे. लातूर शहर त्याच धरणाचं पाणी पितं. 2016 च्या उन्हाळ्यात धरणाचा तळ उघडा पडला, जमिनीच्या भेगांत हात जाईल अशी गत झाली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्या गाडीचे फोटो आले. धरणाच्या काठच्या गावांत तेव्हा माणसं टँकरची वाट बघत होती, त्यांचे फोटो फारसे आले नाहीत. ते दिवस आठवत मी ही दोन्ही पुस्तकं वाचली आणि माझं मत पक्कं झालं. दुष्काळाचा पैसा कुठून निघतो, कुठं मुरतो, हे साईनाथांकडून शिकावं. रात्री दिवा मालवल्यावर त्या घरात काय बोललं जातं आणि काय बोललं जात नाही, ते देशमुखांकडून. नुसता अहवाल वाचणाऱ्याला आकडे पाठ होतात, माणूस भेटत नाही. नुसती कादंबरी वाचणारा रडून मोकळा होतो आणि टँकरचं कंत्राट कुणाला मिळालं हे विचारायचं राहून जातं.

मग भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल'. चंदनशिव मांजरेपलीकडचे, कळंब तालुक्यातल्या हासेगावचे. पोरगा बापाबरोबर टोमॅटो विकायला बाजारात जातो, भाव कोसळत जातो आणि शेवटी बाप आपलाच माल पायाखाली तुडवतो. कथा एवढीच. तिच्या जोडीला कोणतं पुस्तक ठेवावं, याचा बराच विचार केला. अखेर वडिलांच्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या आडतीच्या जुन्या पट्ट्या काढल्या. पिवळ्या पडलेल्या कागदांवर वजन, भाव, मग खाली ओळीनं वजावट: आडत, हमाली, तोलाई, भाडं. सगळ्यांत खाली हातात पडलेली रक्कम. माझ्या वर्षभरातल्या वाचनात या पट्ट्यांइतकं कठोर गद्य दुसरं नव्हतं. त्या हातात घेऊन कथा पुन्हा वाचली आणि त्या बापानं तेव्हा काय तुडवलं असेल याचा हिशेबच लागला.

दिवाळी अंक माघापर्यंत पुरले. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला ही चांगली सवय आहे. त्यात कथा आणि लेख एकाच पुठ्ठ्यात येतात, जोड शोधावी लागत नाही. वर्षभर महिन्यागणिक दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'मधला एकेक लेखही वाचत होतो. फाल्गुनात आमच्याकडं ज्वारीची काढणी आणि माळावर पळस. दुर्गाबाईंमुळे त्या पळसापाशी थांबलो.

उन्हाळ्यात अंबाजोगाईला गेलो तो मुकुंदराज आणि दासोपंतांसाठी. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके 1110 चा, म्हणजे 1188 चा मानतात. दासोपंतांनी 'गीतार्णव'च्या सव्वा लाख ओव्या लिहिल्या आणि भल्यामोठ्या कापडावर 'पासोडी' लिहून काढली. ज्या मुलखात माणसानं पासोडीचा कागद केला, तिथल्या लोकांना वाचनाची आवड नाही असं कुणी म्हटलं तर मी वाद घालतो.

पुरावा श्रावणात मिळतो. देवळात पोथी लागते. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' 1702 चा, 'पांडवप्रताप' 1712 चा. दोन्ही ग्रंथ तीनशे वर्षांचे झाले, पण ऐकायला माणसं जमतात. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो. बाया वाती वळत ऐकतात आणि सांगणारा चुकला तर मधेच टोकतात. माझी जोडीनं वाचायची रीत इथूनच आलेली.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात पोथी लागत असेल, तर समाप्तीनंतरची एक संध्याकाळ मागून घ्या आणि त्याच बैठकीत 'लाल चिखल' मोठ्यानं वाचा. घरातली एखादी जुनी पट्टी सोबत न्या. अर्थ सांगायला माणूस शोधावा लागणार नाही, बसलेल्यांतलाच कुणीतरी उठेल.