मातीचा साक्षीदार

शेततळे खोदताना मधोमध मातीचा एक ठोकळा तसाच राखून ठेवतात. भोवतालची जमीन खाली खाली जाते आणि तो मात्र डोक्यावर जुने गवत घेऊन आपल्या मूळ उंचीवर उभा राहतो. माप घ्यायला येणारे अभियंते त्यावरूनच खोदाई किती खोल झाली ते पाहतात. मी मनातल्या मनात त्याला साक्षीदार म्हणते. बाबा सांगत, लबाड माणसे या ठोकळ्यावर रात्रीतून वीतभर माती थापत, वर गवत बसवत आणि न खोदलेल्या मातीचे पैसे उचलत. लहानपणी मला ती मोठी गंमत वाटे. २०२५ च्या उन्हाळ्यात तीच लबाडी माझ्याकडे आली, आणि आली तीही दयेचे रूप घेऊन.

बी. ए. चे पहिले वर्ष संपवून मी बाभूळगाव तालुक्यातल्या आमच्या गावी गेले होते. रोजगार हमीतून शेततळ्याचे काम निघाले होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. ‘पोरगी शिकलेली हाय, हिशेब नीट ठेवीन,’ असे म्हणून मला मेट केले. दिवसातून दोनदा मोबाईलवर फोटो काढून हजेरी लावायची, वही लिहायची, पिण्याच्या पाण्याची सोय पाहायची. वही हातात आली तेव्हा तहसीलदार झाल्याचा आनंद झाला, हे कबूल करते!

दहा जणींच्या एका टोळीत आमच्या घरामागच्या काकू होत्या. नवरा गेलेला, दोन लेकरे शिकणारी. सोमवारी सकाळी मी कामावर निघाले, तर त्या ओट्यावर गोधडी पांघरून बसलेल्या.

“पोरी, ताप हाय वं अंगात. आठवडाभर नाई जमत मले. तुह्या हातात हाय, हजेरी लावून टाक. सरकारचा पैसा हाय, तुह्या बापाच्या घरचा नाई जात.”

मी नाही म्हणू शकले नाही. फोटोच्या वेळी दुसऱ्या टोळीतली एक सून डोक्यावरचा पदर पुढे ओढून काकूंच्या जागी उभी राहिली. मोबाईलला पदराआडचा चेहरा कळत नाही. संध्याकाळी घरी येताना मी कुणावर तरी उपकार केल्याच्या तोऱ्यात होते.

रात्री वही लिहायला बसले आणि हात थांबला. आमची मजुरी मोजलेल्या कामावर होती. टोळीने काढलेल्या मातीचे जे मोल होईल, ते टोळीच्या एकूण हजेऱ्यांत वाटायचे. त्या वर्षी राज्याचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. नऊ जणी सहा दिवस पूर्ण राबल्या तर हजेऱ्या ५४ आणि कामाचे मोल १६,८४८ रुपये. काकूंच्या सहा हजेऱ्या त्यात घातल्या की भागायचे ६० ने. मग रोज पडतो २८० रुपये ८० पैसे. म्हणजे आठवड्याला प्रत्येकीचे १८७ रुपये २० पैसे जाणार. नऊ जणींचे मिळून होतात १,६८४ रुपये ८० पैसे, आणि तेवढीच रक्कम काकूंच्या खात्यावर पडणार! सरकारच्या तिजोरीतून एक पैसाही जास्त जाणार नव्हता. ज्या नऊ बाया उन्हात राबत होत्या, त्यांच्याच ताटातली भाकर मी त्यांना न विचारता उचलून दुसरीला वाढत होते आणि वर स्वतःला दयाळू समजत होते.

आजी शेजारीच निजली होती. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जाई. हजेरीपटावर अंगठा उठवायचा आणि हातावर पडेल ते घ्यायचे. कागदावर कोणाची नावे होती, हे तिला कधी कळले नाही. त्याच दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. कल्पना वि. स. पागे यांची, आणि तेव्हा मुख्यमंत्री होते आमच्याच जिल्ह्यातील पुसदचे वसंतराव नाईक. पुढे १९७७ मध्ये राज्याने कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यानंतर २००५ चा केंद्राचा कायदा आला आणि पहिल्या टप्प्यातच, २००६ मध्ये, तो यवतमाळ जिल्ह्याला लागू झाला. हजेरीपट मजुरांना पाहता यावा आणि कामाचे सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेने करावे, ही त्यातली तरतूद आजीसारख्यांसाठीच होती. आणि आता वाचता येणारी नात घरात आली, तर तिनेच पदराआड फोटो काढला!

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत कडुनिंबाखाली मी सगळा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला. सोमवारची माझी चूकही सांगितली. एक बाई म्हणाली, “म्हंजे आमच्याच घामाचं गेलं म्हन.” दुसरी माझ्यावरच उखडली, “ती तापानं फणफणली, अन् तू हिशेब सांगते!” शेवटी सगळ्यांत वडील असलेल्या मावशी बोलल्या, “द्याचं त आमी देऊ. पन आमच्या हातानं देऊ.” नऊ जणींनी पन्नास-पन्नास रुपये काढले, साडेचारशे झाले. ग्रामरोजगार सेवकांना सांगून मी सोमवारची खोटी हजेरी रद्द करवून घेतली आणि बोलणीही खाल्ली.

काकूंनी पैसे घेतले, पण पोळ्यापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. साडेचारशे म्हणजे सोळाशे चौऱ्यांशी नव्हेत. माझ्या खरेपणाची किंमत मी दिली नाही, काकूंनी दिली. हे शल्य अजून आहे.

यंदा वर्गात प्रकल्प व्यवस्थापनावर एक तास झाला. अमेरिकेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेच्या आचारसंहितेत चार मूल्ये सांगितली आहेत : जबाबदारी, आदर, न्याय्यता आणि प्रामाणिकपणा. सर फळ्यावर शब्द लिहीत होते आणि मला कडुनिंबाखालच्या नऊ बाया दिसत होत्या. २०१२ मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी राज्यपालांना आणि मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून सिंचन प्रकल्पांच्या फुगलेल्या खर्चावर आणि कामाच्या दर्जावर बोट ठेवले होते, हेही सरांनी सांगितले. धरण असो की शेततळे, मोजणाऱ्याने खरे लिहिले तरच ज्यांचे काम आहे त्यांना ते कळते.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. कामावर इजा झाली तर उपचाराची सोय त्या कायद्यात होती. घरी ताप आला तर रोज बुडायचा. मी सहा दिवस खोटे लिहिले असते तर कागदावर दहाही जणी धडधाकट दिसल्या असत्या आणि ही उणीव कुणाच्या नजरेस पडली नसती. ठोकळ्यावर थापलेली माती खड्डा भरत नाही, तो किती खोल आहे तेवढे लपवते.

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. पाय लटपटत होते. आजारी मजुराच्या बुडालेल्या रोजाचे काय, एवढेच विचारले. उत्तर मिळाले नाही. पण इतिवृत्तात माझा प्रश्न लिहिला गेला. सभा संपल्यावर मी ती ओळ वाचून पाहिली आणि घरी जाऊन आजीला सांगितली. आजी म्हणाली, “लिवलं ना? मंग पुसत राह्य.”