पावसातले दप्तर

खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात ज्याने एक पावसाळा काढला आहे, त्याला ‘पाऊस वरून पडतो’ हे विधान अपुरे वाटेल. जांबोटी ओलांडून कणकुंबीकडे, जेथे मलप्रभेचा उगम आहे आणि जेथून पुढे चोर्ल्याचा घाट गोव्यात उतरतो, तेथे पाऊस समोरून येतो, बाजूने येतो आणि मोटारसायकलीवर असलात तर मागच्या चाकाने उडविलेल्या चिखलपाण्याच्या रूपाने खालूनही येतो. माणूस भिजला तर वाळतो. त्याच्या सामानाचे तसे नाही. विशेषतः ते सामान कागदाचे असेल तर.

आणि आम्हा शिक्षकांचे सामान कागदाचेच. शाळा सुरू झाल्या की तालुक्याच्या गावाहून पाठ्यपुस्तके न्यायची, हजेरीपट आणायचे, क्वचित शाळेचे जनरल रजिस्टरही पडताळणीसाठी बरोबर घ्यायचे. वाडीवरच्या शाळेत मराठी माध्यमाची पाच-सहाच मुले असतात. त्यांतल्या एकाचे पुस्तक भिजून फुगले, तर त्याच्या जागी दुसरे मराठी पुस्तक आसपास मिळेलच असे नाही. रजिस्टराची गोष्ट याहून नाजूक. घरीच जन्मलेल्या कित्येक वृद्धांच्या जन्मतारखेला शाईने लिहिलेल्या त्या एका ओळीखेरीज दुसरा साक्षीदार उरलेला नसतो. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तारल्या असे आपण श्रद्धेने मानतो. आमच्या रजिस्टरांना मलप्रभा तारील एवढी आमची पुण्याई नाही.

बाजारातील बॅगांवर ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द मोठ्या सढळ हाताने छापलेला असतो. कापड पाणी अडविते हे बहुधा खरेच असते. पण बॅग काही नुसत्या कापडाची नसते. तिला शिवण असते, आणि शिवण म्हणजे सुईने पाडलेल्या भोकांची रांग. दोरा ते पाणी वातीसारखा आत ओढून घेतो. दुसरा फितूर म्हणजे चेन. उभ्या पावसात ती दम धरते, परंतु धावत्या गाडीवर वाऱ्याच्या जोराने पाणी तिच्या दातांतून आत दाबले जाते. म्हणून ज्या बॅगेचे सांधे उष्णतेने जोडलेले असतात आणि तोंड चेनीऐवजी वळकटीसारखे गुंडाळून बांधायचे असते, ती मला अधिक विश्वासाची वाटते. आतली हवा दाबून काढावी, तोंडाला निदान तीन घट्ट घड्या घालाव्यात आणि मगच पट्टे आवळावेत. एका घडीवर भागविणारे लोकच पुढे बॅगेला दोष देतात.

वरून चढविण्याची टोपी, जिला हल्ली ‘रेन कव्हर’ म्हणतात, ती मला अर्धीच उपयोगी वाटते. वाऱ्याने ती फडफडते, एखादे वेळी उडूनही जाते. आणि राहिलीच तर तिच्या तळाशी पाण्याचे लहानसे तळे साचते व बॅग त्यात बसून प्रवास करते. तळाशी भोक असलेली टोपी त्या मानाने बरी. आपल्याकडच्या इरल्याकडे पाहावे. बांबूच्या कामट्यांवर पाने अशी एकावर एक रचलेली असतात की पाणी वरच्या पानावरून खालच्या पानावर घसरत जाते. इरले पाण्याशी झगडत नाही; त्याला वाट करून देते.

माझ्या मते बॅगेकडे केवळ वाहण्याचे काम द्यावे आणि कोरडे ठेवण्याचे काम आतल्या पिशवीकडे. खताच्या पोत्यात असते तसली जाड प्लॅस्टिकची पिशवी, स्वच्छ धुऊन वाळविलेली, यासाठी उत्तम. पिशव्या मात्र दोन असाव्यात, कारण खड्ड्यांच्या रस्त्यावर वस्तू एकमेकींवर घासून एकीला भोक पडतेच. पाणी तळाशी जमते, तेव्हा जेवणाचा डबा खाली आणि पुस्तके वर. पूर्वी पोथ्या बासनात बांधीत. पेशवे दप्तराचे कागद आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले आहेत. जुने लेखक पोथी संपविताना तिला पाण्यापासून, तेलापासून आणि सैल बांधणीपासून सांभाळा, अशी विनवणी करीत. त्यांनी सैल बांधणीला पाण्याच्या पंक्तीस बसविले, यातच त्यांचा अनुभव दिसतो.

एवढे करूनही कागद कधी कधी ओलसर निघतात आणि बाहेरून थेंबही आत गेलेला नसतो. हे पाणी आपणच भरलेले असते. पावसाळी हवा बाष्पाने जड असते. ती पेटीत कोंडली आणि घाटातल्या गारव्याने पेटी थंड झाली, की ते बाष्प आतल्या बाजूस दवासारखे उतरते. ओला रेनकोट पुस्तकांसोबत कोंबला तर बोलायलाच नको. रेनकोटाची जागा वेगळी, नेहमीच बाहेरची. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या मिळतात त्या टाकून देऊ नयेत, आणि मुक्कामी पोहोचताच बॅग उघडून ठेवावी. बॉलपेनची तेलकट शाई पाण्याला बरीच दाद देत नाही. शाईपेनाची पुष्कळदा पसरते. झेरॉक्सची अक्षरे टिकतात, पण घरगुती इंकजेट छपाईवर भरवसा ठेवू नये.

तरीही पुस्तक भिजलेच, तर चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. अधूनमधून टीपकागद घालून ते सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर उभे करावे. दोन दिवसांत सुकले नाही तर बुरशी धरते. चुलीशेजारी ठेवण्याचा मोह गावोगाव असतो. तेथे पुस्तक वाळते खरे, पण त्याची पाने कडक होऊन वाकडी होतात.

पुस्तके वाटायच्या दिवशी मुले स्वतःच प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून येतात. वर्गाच्या दाराशी पाण्याची ओळ उठते. मी पेटी टेबलावर ठेवतो आणि आधी सगळ्यांना पंचा देतो; हात कोरडे झाल्याखेरीज पिशवीची गाठ सोडीत नाही.